लेकरानं कॅमेरा मागितला तर

दहावीचा निकाल लागला, की घराघरांत मागण्या सुरू होतात. गाडी, फोन, नाहीतर लातूरचा क्लास. या तिन्हींची आपल्याला सवय झालीय, त्यामुळं हो म्हणायचं की नाही हे बापाचं आधीच ठरलेलं असतं. पण एखादं पोर मधेच म्हणतं, ‘मला कॅमेरा घ्या,’ तेव्हा घर गोंधळतं. वडील म्हणतात, ‘कशाला? फोनमध्ये आहे की!’ आई विचारते, ‘कितीला येतो?’ आणि आजोबा ओट्यावरून ओरडतात, ‘फोटोचं दुकान टाकायचंय का आता?’

तिन्ही प्रश्न वाजवी आहेत. उत्तरं द्यायला मी आजोबांपासून सुरुवात करतो, कारण आपल्या बीड जिल्ह्यात या छंदाची माती होते ती पैशापायी कमी आणि या दुकानाच्या विचारापायी जास्त.

होतं काय, ते तुम्हीही पाहिलं असेल. घरात कॅमेरा येतो. पहिले काही महिने पोरगं पहाटे उठून पाझर तलावावर जातं, बगळे काढतं, गायीच्या डोळ्यातलं प्रतिबिंब काढतं. मग तुळशीचं लग्न होतं, तिथी निघतात आणि मामा म्हणतो, ‘बाहेरचा फोटोग्राफर कशाला, आपला बाळू आहे की.’ बाळू जातो. पुढच्या वर्षी मामाच्या व्याह्यांकडं जातो, आता थोडे पैसे घेऊन. तिसऱ्या वर्षी त्याच्या नावाचं कार्ड छापलेलं असतं आणि बारावीला नापास झालेला विषयही असतो. पाझर तलावावर जाणं कधीच बंद झालेलं असतं.

लग्नाच्या फोटोग्राफीला मी कमी लेखत नाही. तो घामाचा धंदा आहे. दोन बॉडी, चार बॅटऱ्या, दिवसभर पायांवर उभं राहायचं, अंतरपाट दूर होण्याचा तो एक क्षण चुकला तर पुन्हा मिळत नाही, आणि वर नवरीच्या काकांचा राग. जे तो मन लावून शिकले, त्यांची घरं त्यावर चांगली चालली आहेत. माझं म्हणणं इतकंच, की सोळाव्या वर्षी कॅमेरा हातात देताना ‘यातून कमाई किती होईल’ हा हिशेब त्याच्याबरोबर देऊ नका. हौस आणि ऑर्डर ही दोन वेगळी कामं आहेत. हौशी माणूस आपल्याला जे दिसलं ते काढतो, ऑर्डरवाला दुसऱ्याला जे हवं ते काढतो. पहिलं मुरायच्या आत दुसरं गळ्यात पडलं, की पोराची नजर तयार व्हायची राहून जाते.

‘मग पोट कशावर भरायचं?’ शिक्षणावर, नोकरीवर, शेतीवर. जशी बाकीची पोरं भरतात. याला एक मोठा दाखला आहे आणि तो आपल्या जुन्या राज्यातलाच आहे. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत बीड हैदराबादच्या निजामाच्या मुलखात होतं. त्या दरबाराचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ. जन्म 1844 चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. शिकले रुरकीला इंजिनिअरिंग, आणि नोकरी धरली इंदूरला, सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्याची. कॅमेरा हातात आला तो नोकरीत असताना, 1874 च्या सुमाराला, म्हणजे तिशीत. पुढं दहाएक वर्षं नोकरीही चालली आणि फोटोही चालले. सहाव्या निजामानं, मीर महबूब अली खाननं, त्यांना दरबारात घेतलं तोवर त्यांनी चाळिशी गाठली होती. ‘राजा’ हा किताब तर 1894 चा. देशातला त्या काळचा सगळ्यात नावाजलेला फोटोग्राफर आधी बरीच वर्षं सरकारी पगारावर जगणारा हौशी होता. काचेच्या जड प्लेटा वाहून नेत त्यानं हे केलं. आपल्या पोराला तर खिशात मावणारं कार्ड मिळालंय.

आता वडिलांचा प्रश्न. फोनमध्ये आहे की! आहे, आणि तो चांगला आहे. पहिलं वर्ष फोनवरच काढू द्या. कॅमेरा घेण्याची ऐपत नसलेल्या घरांनी तर मुळीच वाईट वाटून घेऊ नये. नजर फोनवरही घडते. दोन-तीन सवयी तेवढ्या लावा. फोटोआधी लेन्स पुसायची, कारण आपल्याकडं ती नेहमी खिशातल्या धुळीनं आणि बोटांच्या तेलानं माखलेली असते. बोटांनी चिमटा काढून झूम करायचं नाही, पायांनी पुढं जायचं. आणि एकाच गोष्टीचे चाळीस फोटो काढले तर रात्री बसून त्यातला एक ठेवायचा, बाकीचे पुसायचे. ही शेवटची सवय लागली, तर पोरगं खरंच या वाटेवर आहे असं समजा. नुसत्या रिल्सचा नाद असलेलं पोर निवड करत बसत नाही.

वर्षभरानंतरही मागणी टिकली, तर मग कॅमेऱ्याचा विचार करा. दुकानात गेलात, की पहिला आकडा कानावर येईल मेगापिक्सेलचा. त्याला भुलू नका. 4 बाय 6 इंचांच्या फोटोला, म्हणजे अल्बममधल्या नेहमीच्या प्रिंटला, 300 डीपीआयनं छापायला जेमतेम सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. 24 मेगापिक्सेलमधून 20 इंच रुंदीची चित्रासारखी प्रिंट निघते. तेवढी भिंत आपल्यातल्या कितीजणांकडं मोकळी आहे? फोनवर 108 मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण त्यातले बहुतेक फोन नऊ-नऊ ठिपके एकत्र करून 12 मेगापिक्सेलचाच फोटो हातात ठेवतात. कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरनं 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा त्यात फक्त 10 हजार ठिपके होते. म्हणजे एका मेगापिक्सेलचा शंभरावा भाग. एक फोटो कॅसेटवर उतरायला 23 सेकंद लागायचे. पोराला हे सांगा, त्याला मजा वाटेल.

खरा फरक पडतो तो सेन्सरच्या आकारानं. हौशी लोकांच्या कॅननच्या साध्या डीएसएलआरमध्ये किंवा मिररलेसमध्ये सेन्सर असतो साधारण 22 बाय 15 मिलिमीटरचा. फोनमधला त्याच्यापुढं अगदीच लहान. मोठ्या सेन्सरवर जास्त उजेड पडतो, म्हणून संध्याकाळच्या अंधूक उजेडात किंवा घराच्या आत त्याचा फोटो स्वच्छ येतो, फोनचा मात्र खरबरीत होतो किंवा फोन तो रंगवून गुळगुळीत करतो. दुसरा फायदा असा, की शटरचा वेग, लेन्सचं छिद्र आणि आयएसओ ही तीन चाकं पोराच्या स्वतःच्या हातात येतात. चुका करायची मोकळीक मिळते. शिकणं त्यातच आहे.

आईच्या प्रश्नाचं उत्तर: किट लेन्ससह नवा साधा कॅमेरा चाळीस हजारांच्या आगेमागे पडतो. जुना बघितलात तर बरंच कमीत मिळतो, आणि माझं स्पष्ट मत आहे की पहिला कॅमेरा जुनाच घ्यावा. कंपन्या डीएसएलआरकडून मिररलेसकडं वळल्यात, त्यामुळं कॅननचे 1500डी, 200डी, निकॉनचे डी3500 असे चांगले कॅमेरे लोक विकायला काढतायत. हप्त्यावर मात्र घेऊ नका. बाप दर महिन्याला हप्ता भरतो आणि दर महिन्याला पोराला त्याची आठवण करून देतो. त्या आठवणीतूनच पुढं लग्नाच्या ऑर्डरी सुरू होतात.

जुना घेताना विकणारा कोण आहे ते बघा. साध्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख क्लिकच्या हिशेबानं बनवलेलं असतं. एका लग्नात दोन-अडीच हजार क्लिक सहज होतात. म्हणजे दोन सीझन लग्नं केलेल्या माणसाचा कॅमेरा वरून चकचकीत असला तरी आतून म्हातारा झालेला असू शकतो. शटर किती वेळा उडालंय तो आकडा बघायला मागा. लेन्स उजेडाकडं धरून आतून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे, घेऊ नका. आकाशाचा एक फोटो छिद्र बारीक करून, म्हणजे एफ 16 वर काढा. काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ करता येते, पण किंमत त्या मानानं पाडून मागा. निकॉनच्या स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळं कुणी जुनी लेन्स फुकट देत असेल तरी ती आपोआप फोकस करेलच असं नाही. नवा घेतलात तर पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी मागा. ‘बिल नको, तीन हजार कमी करतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडा.

घरी आणल्यावर दोन शत्रू: आपला उन्हाळा आणि आपली धूळ. मे महिन्यात पारा चाळिशीपार असतो. गाडीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवून बाजारात जाऊ नये. शर्टाच्या टोकानं लेन्स पुसू नये, तोंडानं फुंकू नये, रबराचा ब्लोअर स्वस्त मिळतो. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा. बस, एवढंच.

शिकायला बीडसारखी जागा नाही, हे मी जिल्ह्याच्या अभिमानापोटी म्हणतोय असं समजू नका. कंकालेश्वराचं उदाहरण घ्या. पाण्याच्या कुंडात उभं असलेलं काळ्या दगडाचं मंदिर. ऑटो मोडवर फोटो काढलात, तर तो दगड राखाडी, पिठूळ येतो. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही; समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून तो उजेड मोजतो. काळा दगड त्याला कमी उजेडातला वाटतो आणि तो फोटो उजळ करून टाकतो. इथं एक्स्पोजर एक घर खाली आणावं लागतं, तेव्हा दगड खरा काळा दिसतो. उलट वेचणीच्या दिवसांत कापसाच्या ढिगाचा फोटो काढा. पांढरा कापूस मळका दिसतो, तिथं एक घर वर जावं लागतं. मंदिर आणि कापूस, या दोन फोटोंत पोराला एक्स्पोजर असं समजतं, की पुन्हा कुणी समजावून सांगायला नको. खजिना विहिरीत आणखी अवघड प्रश्न: वर रखरखीत ऊन, आत गडद सावली, आणि दोन्ही एका फोटोत मावत नाहीत. काय सोडायचं ते ठरवावं लागतं. तिथं एकट्याला पाठवू नका.

मग कधीतरी नायगावचा विषय निघेलच. पाटोदा तालुक्यातलं हे मयूर अभयारण्य 1994 साली जाहीर झालं; क्षेत्र जवळपास 30 चौरस किलोमीटर. पोरगं पहिल्यांदा तिथून परतेल ते हिरमुसलं होऊन, कारण 18-55 च्या किट लेन्समध्ये मोर म्हणजे झुडपातला निळा ठिपका. लगेच मोठ्या लेन्सची मागणी येईल. घाबरू नका. जुनी 55-250 किंवा 70-300 पहिली काही वर्षं पुरते. काहीजण म्हणतील, त्यापेक्षा निकॉनचा पी950 घ्या, 83 पट झूम आहे. झूम खरा आहे, दूरचा मोर फ्रेमभर येतो. पण त्याचा सेन्सर जवळपास फोनएवढा, आणि मोर मोकळ्यावर येतो तो पहाटे आणि दिवस कलताना. उजेड कमी असतानाच त्याची गरज, आणि नेमका तेव्हाच तो लंगडतो. ज्याला नुसते पक्षी ओळखायचेत, नोंदी ठेवायच्यात, त्याच्यासाठी तो उत्तम. शिकायला बदलत्या लेन्सचा बरा.

मोर पिसारा फुलवून नाचतो पावसाळ्यात, आणि पाऊस ओसरता ओसरता पिसं गाळायला लागतो. तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत पोराला नेऊन ‘नाचणारा मोर दाखव’ म्हणू नका. आणि एक गोष्ट पालक म्हणून तुम्हीच बजावून सांगायची. मोर राष्ट्रीय पक्षी आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वन विभागाला विचारून आत जायचं, मोबाईलवर लांडोरीचा आवाज वाजवून मोराला बोलवायचं नाही, अंड्यांजवळ जायचं नाही, आणि घरट्याचा फोटो जागेच्या नावासकट जगाला दाखवायचा नाही. फोटो पाहून कौतुक करणारे येतात, त्यांच्यामागून फासे लावणारेही येऊ शकतात. सौताड्याला आणि कपिलधारला धबधबा पाहायला जाताना पावसाळ्यात तुम्ही सोबत जा. शेवाळलेल्या दगडावर पाठमोरं सरकत फ्रेम लावणाऱ्या पोराला कड दिसत नसते.

माणसांचे फोटो ही मात्र वेगळी परीक्षा. दसरा-दिवाळी झाली, की आपल्या गावांतून ऊसतोडीला गाड्या भरून निघतात. बाहेरून येणाऱ्या फोटोग्राफरला ते तयार दृश्य वाटतं: ट्रॅक्टरवर रचलेला संसार, वर बसलेली लेकरं, शेळी, पाण्याचा ड्रम. आपल्या पोरालाही वाटेल, आणि वाटू द्या. पण तो ट्रॅक्टर त्याच्या वर्गमित्राच्या घरचा आहे, हे त्याला आठवून द्या. आधी बोलावं, विचारावं, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली घ्यावा. काढलाच तर माणसं गावी परत आल्यावर त्याची प्रिंट नेऊन द्यावी. आपल्यातल्या कितीतरी घरांत आजही माणसाचा फोटो दोनदाच निघतो. एकदा आधार-रेशनच्या कामाला, आणि एकदा माणूस गेल्यावर, जेव्हा कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून त्याचं तोंड कापून, मोठं करून, हार घालायला फ्रेम केलं जातं. कोणत्याही स्टुडिओवाल्याला विचारा, असले फोटो त्याच्याकडं सारखे येतात. चेहरा फाटलेला, मागं कुणाचा तरी खांदा.

म्हणून पोराला पहिलं काम हे द्या: घरातल्या आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांचे चांगले फोटो, ती हसतीबोलती असताना. आजीला उन्हात उभी करू नये. दारापासून दोन हात आत, तोंड दाराकडं करून बसवावं. दारातून येणारा तो मऊ उजेड जगातल्या कुठल्याही स्टुडिओत पैसे देऊन तयार करतात. लेन्स असेल तर 50 एमएम एफ 1.8, स्वस्तातली सगळ्यात चांगली लेन्स हीच. फोकस जवळच्या डोळ्यावर. आणि पाच मिनिटं गप्पा मारून मग क्लिक, कारण कॅमेरा दिसला की आपली म्हातारी माणसं आधारकार्डासारखी ताठ होतात.

आता जरा मुलींच्या आईवडिलांशी. कॅमेरा मागणाऱ्या मुलीला ‘दादाला घेतलाय, त्याचा वापर’ असं उत्तर मिळतं, आणि दादाचा कॅमेरा तिच्या हाती कधी येत नाही. पहाटे तलावावर एकटीनं जायची सोय नाही ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. मग बापानं सोबत जावं, थोडं चालणंही होईल. पण अडचण आहे म्हणून हौसच मोडायची, हे नको. दीनदयाळांच्या हैदराबादेत 1892 साली पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा जनाना स्टुडिओ निघाला आणि तो बाईच चालवायची. मुंबईत जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावानं छापून यायचे. पुढं स्वातंत्र्याच्या काळातली दिल्ली त्यांनी कॅमेऱ्यात धरली आणि 2011 साली पद्मविभूषण घेतलं. आपल्याकडं तर साधी व्यवहाराची गोष्टही आहे: आयाबाया मुलीसमोर मोकळ्या बसतात. चुलीपुढची, पाणवठ्यावरची, डोहाळजेवणातली जी चेहरेपट्टी तिला मिळेल, ती दादाला जन्मात मिळणार नाही.

फोटो दाखवायला पोर आलं, की ‘छान आहे’ म्हणून फोन परत देऊ नका. विचारा, इथंच का उभा राहिलास? हे झाड मुद्दाम घेतलंस की आपोआप आलं? तुम्हाला फोटोतलं काही कळत नसलं तरी चालतं. त्याला उत्तर शोधावं लागतं, तेवढं पुरे. किती लाइक आले हे मात्र विचारू नका. महिन्याला चार फोटो निवडून प्रिंट काढायला लावा, मागं नाव, गाव, तारीख पेन्सिलीनं लिहायला लावा. बारावीच्या वर्षी कॅमेरा कपाटात गेला तर जाऊ द्या. दीनदयाळांनी तर तिशीत सुरुवात केली होती.

आणि पोराचं मन यातून उडालंच तर? उडू शकतं, त्या वयात उडतंच. रागावू नका, ‘तरी मी म्हणत होतो’ हे वाक्य गिळून टाका. जुना घेतलेला कॅमेरा फारसा तोटा न होता पुन्हा विकला जातो. विकण्याआधी कार्ड काढून घ्या, त्यातले फोटो दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून ठेवा, आणि कॅमेऱ्याबरोबर बिल, चार्जर आणि लेन्सचं झाकणही द्या. झाकण नसलं की गिऱ्हाईक पाचशे रुपये कमी करायला बघतं.